साऊंड सुधारून देतो म्हणून २४,५०० घेतले. घरी व्हिडिओ करणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचा

कोल्हापुरात आणि आसपास जे कोण घरच्या घरी व्हिडिओ करून टाकताय त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांब झालंय पण वाचा, कारण तो माणूस अजून फिरतोय आणि आमच्यानंतर पण त्यानं दोघातिघांना गाठलंय असं कानावर आलंय.

आमचं घर सुभाषनगरात, पिढ्यानपिढ्या चपलांचं काम. आबा आणि थोरले चुलते आण्णा दोघं शेजारी बसून काम करायचे आणि मी ड्युटीवरून आलो की मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ काढायचो. रापीनं चामडं कसं कापतात, वेणी कशी घालतात, कानवली म्हणजे चपलेच्या बाजूचे कान कसे बसवतात, सगळं आण्णा हळूहळू सांगायचे. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून माझ्या मनात होतं की हे कुठंतरी साठवून ठेवायला पाहिजे, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली न् सगळीकडं गाजावाजा झाला, त्यानंतर आमचे व्हिडिओ लोक एकदम जास्त बघायला लागले. पण खाली प्रत्येकाचं एकच, आवाज येत नाही, दादा आवाज घुमतोय, आजोबा काय बोलतात कळत नाही. पत्र्याची खोली, वर पंखा, शेजारी शिलाई मशीन, आणि मोबाईल सहा फुटांवर स्टँडला. आवाज कसा येणार.

अशातच एकाचा मेसेज आला. मी कोल्हापुरातच साऊंडचं काम करतो, तुमचे व्हिडिओ चांगले आहेत पण साऊंडनं मार खाताय, फुल पॅकेज देतो. सोबत त्यानं आमचाच एक व्हिडिओ पाठवलेला, आधी आमचा आवाज आणि नंतर त्यानं सुधारलेला. मी ड्युटीवर जेवणाच्या सुट्टीत ऐकला आणि खरंच वाटलं की जमीन अस्मानाचा फरक आहे. आता कळतंय की त्यानं फक्त आवाज मोठा केला होता. तोच आवाज थोडा मोठा करून ऐकवला की कानाला चांगलाच वाटतो, सगळ्यांना वाटतो. आतेभावानं नंतर दोन्ही क्लिप एका लेव्हलला आणून हेडफोनवर ऐकवल्या तर काहीही फरक नव्हता, उलट घुमणं पण तेवढंच मोठं झालं होतं. तेव्हा कुणी असा आधीचा-नंतरचा नमुना दाखवला तर दोन्हींचा आवाज सारखा करून मगच ऐका, आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून.

पॅकेज २४,५०० चं. दोन वायरलेस कॉलर माईक, ओरिजिनल कंपनीचे, भिंतीला साऊंडप्रूफ पॅनल, आणि जुने ३० व्हिडिओ साफ करून देणार. १०,००० आधी युपीआयवर, बाकीचे बसवल्यावर. बिल मागितलं तर म्हणाला दादा जीएसटी धरून घेतलं तर साडेचार हजार वाढतील, कशाला, मी आहे की इथंच. मी हो म्हणालो. ते बिल असतं तर आज निम्मं काम सोपं झालं असतं.

बसवायला आला त्या दिवशी त्यानं आबांच्या कॉलरला माईक लावला, रिसीव्हरची वायर मोबाईलच्या हेडफोनच्या जागी घातली, हिरवा लाईट लागला आणि आबांना बोलायला लावलं. आवाज झकास आला. पण तो स्वतः मोबाईल हातात धरून आबांच्या तोंडासमोर फूटभर अंतरावर उभा होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नंतर आम्ही नेहमीसारखं स्टँडवरून रेकॉर्ड केलं तर आवाज परत होता तसाच. फोन केला तर म्हणे सेटिंग बसायला वेळ लागतो, दहा बारा व्हिडिओ करा मग फरक दिसेल. असे आम्ही अकरा व्हिडिओ केले.

मग माझा आतेभाऊ आला, तो ऑर्केस्ट्राचा साऊंड सांभाळतो. त्यानं काही विचारलं नाही, रेकॉर्डिंग चालू केलं, माईकच्या जाळीवर नखानं खरडलं, मग मोबाईलच्या खालच्या कडेला नखानं खरडलं आणि ऐकवलं. माईकवरचं खरडणं अगदी बारीक, लांबून आल्यासारखं आणि मोबाईलवरचं कानात खर्र करून. म्हणजे माईक चालूच नव्हता, सगळं मोबाईलच्याच माईकनं रेकॉर्ड होत होतं! त्यानं वायरची पिन काढून दाखवली, तिच्यावर काळ्या रेघा दोन. अशी पिन कॅमेऱ्याला चालते. मोबाईलच्या हेडफोनच्या जागेला माईक चालायचा तर पिनवर तीन रेघा लागतात, नाहीतर मोबाईल सरळ स्वतःचाच माईक वापरतो, आणि लाईट हिरवा लागतो तो फक्त माईक आणि रिसीव्हर एकमेकांना जोडले गेलेत एवढंच सांगतो. ही नखाची टेस्ट अर्ध्या मिनिटाची आहे. माईक घेताना दुकानातच करा, तुमच्याच मोबाईलवर करा.

बॉक्सवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला तर सापडलाच नाही. पुढं गडहिंग्लजचे एक जण भेटले, ते शेतीचे व्हिडिओ करतात, त्यांनी पण त्याच माणसाकडून घेतलेला. त्यांच्या बॉक्सचा फोटो मागवला तर नंबर तोच! आमच्या दोन बॉक्सवर तोच, त्यांच्याही बॉक्सवर तोच.

पॅनलचं सांगतो. काळा फोम होता, अंडी ठेवायच्या ट्रेसारखा उंचसखल, बोटभर जाड पण नाही. साऊंडप्रूफ म्हणून विकला, पण फोम बाहेरचा आवाज अडवतच नाही, तो फार तर खोलीतलं घुमणं थोडं कमी करतो आणि ते पण जाड असला तर. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत, जाड दार, फटी बुजवणं हे लागतं. शेजारची मशीन पहिल्यासारखीच ऐकू येत होती. आबांना त्या फोमचा पहिल्यापासून संशय, आमच्याकडं चिकटवायला सोल्युशनचे डबे उघडे असतात, त्याला आग लगेच धरते. त्यांनी एक तुकडा कापला, चिमट्यात धरला आणि अंगणात काडी लावली. भप्पकन पेटला, वर काळा धूर आणि जळते थेंब खाली फरशीवर टपटप पडायला लागले. आबा काहीच बोलले नाहीत, त्याच दिवशी संध्याकाळी सगळे पॅनल ओरबाडून काढले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही बघितलंय, आगीची भीती आमच्या मनातून गेलेली नाही. तुमच्याकडं कुणी फोम लावून गेला असेल तर एक तुकडा घराबाहेर नेऊन, जवळ पाणी ठेवून बघाच.

आता जे पैशात सांगता येत नाही ते. जुने ३० व्हिडिओ साफ करायला दिले होते. त्यानं ते पेनड्राईव्हवर घेतले आणि म्हणाला मोबाईलमधनं डिलीट करा, जागा खातात, माझ्याकडं कॉपी आहे. मी केले. परत आले तेव्हा पंखा गेला होता, हातोड्याचं ठोकणं गेलं होतं, आणि आण्णांचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा, शब्दांची टोकं खाल्लेली. एका व्हिडिओत आण्णा तयार चप्पल पायात घालून चालून दाखवतात, करकर ऐका म्हणतात. ती करकर पण नाही. कुठल्यातरी फुकटच्या अ‍ॅपमधनं नॉईज काढायचं बटण पूर्ण ओढून सगळे व्हिडिओ एकदम काढले होते. असं अ‍ॅप माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकी सगळं गोंगाट समजून पुसतं, त्याला चपलेची करकर काय कळणार. ओरिजिनल मागितले तर म्हणे हार्डडिस्क उडाली. दिवाळीनंतर आण्णा गेले. त्यांचा खरा आवाज आता आमच्याकडं चाळीस सेकंदांचा आहे, चुलतबहिणीला पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तुकडा. ओरिजिनल फाईल कुणालाही दिली तरी आपल्याकडची पुसू नका, हात जोडून सांगतो.

पैसे परत मागितल्यावर दोन महिने प्रोसेस चालू आहे, प्रोसेस चालू आहे. मग एक दिवस मी ड्युटीवर असताना घरी आबांना फोन, रिफंड पाठवतोय, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. आबांनी विचारलं, पैसं तू देणार, मग पिन माझा कशाला? तिकडून फोन कट. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपल्याच खात्यातून जाणार. घरातल्या मोठ्या माणसांना हे आजच सांगा.

सध्या आम्ही काय करतो तर आबांच्या खिशात माझा जुना मोबाईल, व्हॉईस रेकॉर्डर चालू करून, सुरुवातीला एक टाळी आणि नंतर एडिटिंगला दोन्हीकडची टाळी जुळवायची. माईक तोंडाजवळ येणं हेच खरं काम. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि खोलीचं घुमणं आहे तेवढंच राहतं, म्हणून सहा फुटांवरनं वीतभर आलं की बोलणं स्वच्छ कळतं. पंखा बंद, मोबाईलच्या मागं दोरीवर आईच्या दोन वाकळा, शेजारच्या वहिनींना विचारून दुपारच्या त्यांच्या सुट्टीत शूटिंग. आवाज फार वर चढवत नाही, मीटर लाल व्हायच्या बराच खाली ठेवतो, कारण एकदा फाटलेला आवाज नीट होत नाही. पहिला मराठी बोलपट १९३२ साली प्रभातनं याच कोल्हापुरात केला, इथं आवाजाचं काम कळणारी माणसं आजही आहेत. मी आतेभावाला आधी विचारलं असतं तर हे झालंच नसतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, पण उशिरा. पैसे गेल्या गेल्या केला असता तर पुढच्या खात्यात थांबवता आले असते असं तिथं सांगितलं. लेखी तक्रार दिलीय, १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर पण नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जायचं असतं, गडहिंग्लजचे ते आणि मी दोघंही केस करतोय. बिल नाही, पण युपीआयची नोंद, चॅट आणि एकाच नंबरचे तीन बॉक्स आहेत. गेल्या वर्षभरात कुणी घरी येऊन असं पॅकेज बसवून गेला असेल तर बॉक्स फेकू नका, नंबरचा फोटो काढून ठेवा आणि चॅट पुसू नका. चौथा बॉक्स त्याच नंबरचा निघाला तर आम्हाला तो लागणार आहे.