डायपरची साईझ कशी ठरवायची: बाळ रांगायला लागेपर्यंतचा आमचा अनुभव

आमचं पिल्लू आता घरभर रांगतंय. टेपवाले, पँटवाले, कापडी असं सगळं वापरून झालं. माझं मत असं की डायपर गळला की आपण कंपनी बदलतो, पण बऱ्याचदा साईझ तरी चुकलेली असते नाहीतर बसवणं.

पँटवाल्या पाकिटांवर साधारण एस ४ ते ८ किलो, एम ७ ते १२, एल ९ ते १४ असं असतं. म्हणजे साडेसात किलोचं बाळ एसमध्येही बसतं आणि एममध्येही. मग ठरवायचं कशावरून? मांड्यांवरून. आमचा गडी मांड्यांनी गुबगुबीत. एसचं इलॅस्टिक जांघेत रुतून लाल वळ उठायचे आणि ते लवकर जायचे नाहीत, म्हणून एम आणला. नणंदेची मुलगी तेवढ्याच वजनाची पण काटकुळी. तिला एम घातला की मांडीपाशी फट, आणि सगळी सू झबल्यावर. तिला एसच बरोबर होता. शी वारंवार पाठीवर चढायला लागली, तरी आधी पुढची साईझ घालून बघा.

आता बसवण्याचं. मांडीभोवती जी पातळ झालर असते, ती घातल्यावर आतून बोट फिरवून बाहेर काढायची. दुमडून आत राहिली तर महागातला डायपरही गळतो. सासूबाई लंगोटवाल्या पिढीच्या, पण हे बोट फिरवणं त्या माझ्याआधी शिकल्या! मुलगा असेल तर लघवीची जागा खालच्या दिशेला करून घ्या, नाहीतर ओल पोटाकडून बाहेर येते. कंबरेत दोन बोटं सहज जायला हवीत, आणि हे दूध पिऊन झाल्यावर बघा, कारण तेव्हा पोट टम्म असतं.

नाळ पडेपर्यंत टेपवालाच बरा, पुढची कड बेंबीखाली दुमडता येते. रांगणाऱ्या बाळाला पँटवाला. शी केलेली असेल तर तो खाली ओढू नका, बाजूच्या शिवणी फाडून काढा.

बटणांचे कापडी डायपर ‘फ्री साईझ’ म्हणून विकतात, पण तान्ह्या बाळाला ते ढगळच होतात. पावसाळ्यात आतलं पॅड वाळत नाही ते वेगळंच.

सध्या दिवसा एम, रात्री एल चालू आहे. एल कंबरेला जरा सैल वाटतो, पण झोपेत सरकत नाही आणि पहाटेपर्यंत टिकतो. सेलमधले मोठे बॉक्स मात्र घेत नाही. उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.