नहला आणि अहुज्जा: वारशाचे दोन हिब्रू शब्द

देवाने दिलेल्या भूमीसाठी हिब्रू बायबलमध्ये ‘नहला’ आणि ‘अहुज्जा’ हे दोन शब्द वारंवार येतात. सलाफहादाच्या मुली बापाचा वारसा मागतात, त्या ‘गणना’ या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात तर ते जोडीने येतात, तरी त्यांचा रोख एक नाही. अहुज्जा म्हणजे ताब्यातील मालमत्ता. अब्राहामाने 400 शेकेल रुपे मोजून घेतलेली मकपेलाची गुहा अहुज्जा ठरली, आणि योसेफाने पित्याला मिसरात दिलेली जमीनही अहुज्जाच.

नहलेत मात्र कुळाचा वाटा अभिप्रेत असतो. अहाब राजाने द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली, तेव्हा वाडवडिलांची नहला देण्याचे नाबोथाने परमेश्वराचे नाव घेऊन नाकारले आणि तो जिवाला मुकला. मराठी बायबलात येथे ‘वतन’ आहे, आणि ते चपखल वाटते. शिवाय नहला जमिनीवाचूनही संभवते: याजक अहरोनाला भूमीत वाटा नाही, कारण परमेश्वरच त्याची नहला, उलट, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात याकोब, म्हणजे इस्राएल लोक, हीच परमेश्वराची नहला. हा भेद फार ताणू नये, कारण यहेज्केलाच्या 44व्या अध्यायात याजकांची अहुज्जाही परमेश्वरच आहे.