जुन्या मारुती ८०० च्या हेडलाइटला रिले बसवला : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी मारुती ८०० ही २००४ सालची आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला जाणे-येणे हा तिचा नेहमीचा रस्ता. गेली दोन वर्षे तिच्या हेडलाइटचा उजेड इतका पिवळा आणि मंद झाला होता की, पावसात रात्री रस्त्याची कडसुद्धा दिसेनाशी होई. दुकानात विचारले की दोनच सल्ले मिळत : १००/९० वॅटचे (अप्पर म्हणजे लांबच्या झोताला १००, डिपर म्हणजे खालच्या झोताला ९०) बल्ब घाला, नाहीतर एलईडी बसवा. मला दोन्ही पटले नाहीत. जास्त वॅटचे बल्ब वीस वर्षांच्या वायरिंगमधून आणखी करंट ओढणार, म्हणजे मुळात जिथे दुखणे आहे तिथेच भार वाढणार. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला, तर फिलामेंटच्या नेमक्या जागी प्रकाशाचा उगम राहत नाही; प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. घाटाच्या वळणावर हे फार धोक्याचे आहे.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून बॅटरीच्या टोकांवर मोजले, तेव्हा १३.९ व्होल्ट आले. बल्बच्या पिनांवर मात्र जेमतेम १२.०. उरलेले १.९ व्होल्ट वाटेतच जिरत होते. त्यांपैकी १.३ व्होल्ट धन बाजूच्या वायरमध्ये व स्विचमध्ये, तर ०.६ व्होल्ट गंजलेल्या ऋण बाजूत जात होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सम प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा कितीतरी वेगाने उतरतो. साधारणतः व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने. त्या हिशेबाने माझा एकतृतीयांशाहून अधिक उजेड वायरिंग गिळत होते. बल्ब निर्दोष होते.

यामागचे कारण साधे आहे. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतात आणि तो सगळा बारीक वायरमधून, स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून येतो. रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. तो बसवला की स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो, आणि बल्बला बॅटरीपासून थेट, जाड वायरने वीज मिळते.

फेब्रुवारीत एका रविवारी हे काम केले. सर्वप्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. डिपरसाठी एक आणि अप्परसाठी एक असे दोन रिले घेतले, २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली आणि दोन्ही रिलेंना बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचे स्वतंत्र फ्यूज लावले. फ्यूज बॅटरीच्या इतक्या जवळ हवाच, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर तिला कोणतेही संरक्षण नसते. जोडणीच्या आधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच धन बाजू तोडतो, तर काहींत ऋण बाजू. दिवे चालू आणि बंद असताना बल्बच्या तिन्ही पिनांवरचे व्होल्टेज पाहिले की हे कळते, आणि रिलेच्या ८५ व ८६ क्रमांकांच्या, म्हणजे कॉइलच्या, पिनांची जोडणी त्यावरच ठरते. मूळ वायरिंग मी कुठेही कापले नाही. एका बाजूचा जुना प्लग रिलेला दिला आणि दुसरा झाकून बांधून ठेवला. बल्बच्या अर्थिंगसाठी बॉडीचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली.

काम झाल्यावर बल्बच्या पिनांवर १३.५ व्होल्ट मिळाले. त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बचा उजेड अंदाजे दीडपट झाला आणि पिवळेपणा गेला. पहिल्याच रात्री पोफळीच्या पुढे चढ लागल्यावर दरीकडच्या कठड्याचे दगड वेगवेगळे दिसले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. पूर्वी अर्ध्या तासात स्विचभोवतालचे प्लॅस्टिक गरम लागायचे, तेही थांबले. उजेड वाढल्यामुळे भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस मात्र पुन्हा खाली घ्यावा लागला.

खरी परीक्षा पावसाने घेतली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डावा दिवा मध्येच बंद पडू लागला. दोष माझाच होता : एक जोड मी नुसता पीळ देऊन टेपने गुंडाळला होता आणि कोकणच्या पावसात त्या टेपखाली पाणी साचून तांबे हिरवे पडले होते. तो भाग कापून नीट क्रिम्प केला, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबून बसवला, आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. रिलेही पिना वर करून बसवले होते. ते उलटवून पिना खाली केल्या, म्हणजे आत शिरलेले पाणी निथळून जाते. त्यानंतर पूर्ण पावसाळ्यात एकदाही तक्रार आली नाही. सप्टेंबरात उजवा बल्ब उडाला. पुरेसे व्होल्टेज मिळू लागले की फिलामेंटचे आयुष्य काहीसे घटते, ही किंमत मला मान्य आहे.

त्याच वेळी मोबाइलसाठी यूएसबी सॉकेटही बसवले होते, परंतु त्याबाबत घाई झाली. ते थेट बॅटरीला जोडल्यामुळे गाडी बंद असतानाही त्याचा निळा दिवा आणि आतले सर्किट मिळून २० मिलिअँपिअर घेत राहिले. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण तीन आठवडे गाडी उभी राहिली, तेव्हा ३५ अँपिअर-अवरच्या माझ्या जुन्या बॅटरीतून सुमारे दहा अँपिअर-अवर निघून गेले आणि स्टार्टर फिरेना. आता ते चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या लाइनवर, तीन अँपिअरच्या फ्यूजसह आहे.

या सगळ्यावर मिळून साडेनऊशे रुपये खर्च झाले, मल्टिमीटर आधीपासूनच होता. परवा पुन्हा मोजले, तेव्हा बल्बवर १३.४ व्होल्ट आले. हा ०.१ व्होल्टचा फरक डाव्या बाजूच्या अर्थिंगच्या लगमध्ये आहे. दिवाळीआधी तो काढून पुन्हा घासून बसवणार आहे.