देवपूर, धुळे : मुलांच्या शिक्षणासाठी घर बघणाऱ्यांसाठी

मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी आम्ही देवपुरात 3 वर्षे भाड्याने राहिलो. जुने धुळे, मोठी बाजारपेठ, मुख्य बसस्थानक आणि रेल्वेस्थानक हे सारे पांझरेच्या दक्षिणेला असल्यामुळे नातेवाईक या उपनगराला अजून ‘नदीपल्याड’ म्हणतात. पण महाविद्यालये, शिकवणी वर्ग, मेस आणि पुस्तकांची दुकाने पायी अंतरावर असलेली अशी दुसरी वस्ती धुळ्यात मला दिसली नाही. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडची कितीतरी मुले येथे कॉट बेसिसवर राहतात आणि त्यांच्यामुळे रस्ते रात्री उशिरापर्यंत जागे असतात, याचा मुलीच्या आईला फार आधार वाटतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमची फसगत झाली. घर दाखवणाऱ्या मध्यस्थाने नळाला एक दिवसाआड पाणी येते असे सांगितले होते. पहिल्याच उन्हाळ्यात ते सहाव्या दिवशी आले. म्हणून घर ठरवण्यापूर्वी जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे आणि बोअर मे महिन्यात टिकते का, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारावे. वरचा मजलाही टाळावा, कारण मे महिन्यात स्लॅब रात्रीसुद्धा निवत नाही आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी दहालाच हाताला चटके देते. नदीकाठचे घर स्वस्त मिळाले तरी ऑगस्ट 2019 चा पूर आठवावा. अक्कलपाडा धरणातून विसर्ग वाढला की पांझरा भराभर चढते.

तरीही हे उपनगर मला मनापासून आवडले, त्याचे मोठे कारण म्हणजे एकवीरा देवीचे मंदिर. चैत्रातल्या यात्रेत खानदेशभरातून कुटुंबे बाळांचे जाऊळ काढायला येतात. मामाच्या मांडीवर रडणारे बाळ, त्याच्या डोक्यावरून हलकेच फिरणारा वस्तरा आणि पदरात केस झेलणारी आत्या, हे दृश्य मी दर वर्षी थांबून पाहिले. घरमालकीण आजी थंडीत कळण्याची भाकरी आणि भरीत झाकून आणून देत, आणि अहिराणीतून मुलीच्या परीक्षेची चौकशी करीत.

येत्या जूनमध्ये मुलगा अकरावीला जाईल. त्याच्यासाठी पुन्हा देवपुरातच घर बघत आहोत, या वेळी तळमजल्यावरचे.