कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं सोनोग्राफी सेंटर: पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघणारे डॉक्टर

पाचपैकी चार. एक गुण जेलीच्या बाटलीपायी गेला, ते पुढे येतंच.

सगळ्यात आधी कौतुक बाळाच्या ठोक्यांचं. सहाव्या-सातव्या आठवड्यात गेलं की घरच्यांचा एकच धोशा असतो, "डॉक्टर, ठोके ऐकवा की." इथे ऐकवत नाहीत, दाखवतात. आवाज ऐकवायचा तर पल्स डॉपलर, म्हणजे मशीनची ठोके ऐकवणारी पद्धत, लावावी लागते. त्यात ध्वनिलहरी एकाच ठिकाणी रोखून धरल्या जातात आणि तेवढा भाग तापू शकतो. अवयव घडण्याच्या दिवसांत हा ताप कशाला द्यायचा? इथे एम-मोड, म्हणजे हालचाल रेघेने दाखवणारी पद्धत, लावतात. पडद्यावर लाटांची रेघ उमटते, त्यावर खुणा टाकून मिनिटाचे ठोके मोजले जातात. नोंद तितकीच पक्की, ऊर्जा फार कमी.

तपासणी चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे दिसतात. एमआय हा लहरींच्या दाबाने होऊ शकणाऱ्या परिणामाचा अंदाज, तर टीआय म्हणजे ऊतक किती तापू शकेल याचा अंदाज. टीआय ०.७ च्या आत असला तर वेळेची चिंता नाही. वर गेला की प्रोब (अंगावर फिरवायचा, लहरी सोडणारा भाग) ठेवायचा वेळ कमी करायचा. दहाव्या आठवड्यापर्यंत टीआयएस (मऊ ऊतकासाठीचा टीआय) बघायचा, नंतर टीआयबी (हाडांसाठीचा), कारण हाडं तयार व्हायला लागली की ती उष्णता जास्त शोषतात. बऱ्याच ठिकाणी मशीन पोटाच्या सेटिंगवरच राहतं आणि या आकड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. इथे प्रत्येक पेशंटला गरोदरपणाचं सेटिंग निवडतात, आणि हवं ते चित्र मिळालं की लगेच फ्रीज करतात, म्हणजे पडद्यावर गोठवतात. फ्रीज केल्यावर प्रोबमधून लहरी निघत नाहीत. मापं घेणं, नातेवाइकांना समजावणं हे सगळं त्यानंतर.

काउंटरवर तापाबद्दल विचारतात, हेही आवडलं. आईचं अंग आधीच तापलेलं असेल तर बाळाच्या वाट्याला येणारी उष्णता त्यात भर घालते. तातडी नसेल तर ते पुढची तारीख देतात.

एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजायच्या तपासणीची) तारीख पाळी विचारून काढून देतात: ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर. ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात व्यंग आहे का हे बघणारी तपासणी, १८ ते २० आठवड्यांत. हौसेचं फोरडी फोटोंचं पॅकेज नाही, आणि ते नसणंच बरोबर.

एफ फॉर्म (लिंगनिदानविरोधी कायद्याचा), ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, सह्या यात वेळ जातो. त्यावर कुरकुर करू नये. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. पुढे २०१० च्या सुमारास इथल्या मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे तपासण्यांची नोंद ठेवणारं यंत्र, बसले ते उगीच नाही. लिंगनिदान होत नसल्याचा फलक दारातच, मराठीत, ठळक आहे.

आता ती बाटली. मोठ्या कॅनमधून जेली त्याच बाटलीत पुन्हा पुन्हा भरतात, न धुता, आणि ती दिवसभर वॉर्मरमध्ये उभी. कोमट जेलीत जंतू झकास वाढतात. रिकामी झालेली बाटली टाकून द्यावी, नाहीतर धुऊन पूर्ण वाळवून मगच भरावी, आणि तोंड त्वचेला टेकवू नये. टीव्हीएसला (योनीमार्गातून होणाऱ्या सोनोग्राफीला) मात्र काळजी चोख आहे: प्रोबला नवं आवरण, वरून निर्जंतुक जेलीचं पाकीट, प्रत्येक पेशंटनंतर प्रोब पुसून जंतुनाशक द्रावणात. रबराची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

शेवटच्या तिमाहीत उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येते, घाम फुटतो. इथे उजव्या कुशीखाली उशी सरकवून डावीकडे कलतं ठेवतात.

सुरुवातीच्या पोटावरच्या तपासणीला तासभर आधी ३-४ ग्लास पाणी. टीव्हीएसला लघवी करूनच आत जा. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट दरवेळी न्या. प्रसूतीची तारीख त्यावरूनच धरतात. दर स्कॅनला ती बदलत गेली तर बाळ वाढीत मागे पडलंय हे कळतच नाही.