छर्रे तोलायचा काटा, सहा महिन्यांनंतर

जुलैत काटा आकडा धरेनासा झाला. एकच छर्रा, आधी ०.५३१ ग्रॅम, उचलून परत ठेवला तर ०.५३६, आणि नुसता पाहत राहिलो तर शेवटचा आकडा आपसूक वर सरकतोय. विकणाऱ्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘सेल बदला.’ बदलले. फरक शून्य.

२०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेचं ऑलिंपिक कांस्य पाहून लेकीने रायफल धरली. ती दहा मीटर एअर रायफल मारते. डिचोलीत मॅचचे छर्रे मिळत नाहीत, पुण्याहून मागवतो. पाचशेचा डबा येतो, त्यातला एकही वाया गेलेला मला बघवत नाही. म्हणून सारख्या वजनाचे छर्रे निवडायला जानेवारीत हा ०.००१ ग्रॅमचा काटा घेतला.

त्याचं झाकण मला अजून पटलेलं नाही. इतकं उथळ की चिमटा आत नेताना ते उघडंच ठेवावं लागतं, आणि मग पंख्याच्या वाऱ्याने आकडे नाचतात. मे महिन्यात पंखा बंद करून, घाम पुसत, बर्फाच्या ट्रेच्या कप्प्यांत वजनानुसार पाचशे छर्रे लावलेत आम्ही. वर मिनिटभर हात थांबला की काटा आपोआप बंद. परत चालू करा, परत शून्य करा. दोन बोटं उंच झाकण द्यायला कंपनीला असा कितीसा खर्च आला असता?

जुलैच्या दुखण्याचं कारण शेवटी घरातच सापडलं, ओल. काटा सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या डब्यात ठेवायला लागलो, आणि एक छर्रा कायमचा मापाला बाजूला काढलाय. दर वीस छर्र्यांनी तो ठेवून बघायचा. आता आकडा टिकतो.

तोवर छर्रे तोलण्याबद्दलचं माझं मत मात्र बदललं होतं. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने सुटतो आणि दहा मीटरवर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. वजनात ५ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास एक टक्का. बंदुकीचा जोर तोच, म्हणजे वेग अर्धा टक्का कमी, आणि छर्रा मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाइतका खाली लागणार. निशाणावर गुणाचा एक दशांश पाव मिलिमीटरचा असतो. महागड्या डब्यातले छर्रे तर ५ मिलिग्रॅमच्या आतच भरले. त्यांच्यासाठी घाम गाळणं फुकट गेलं.

सरावाचा स्वस्त डबा वेगळा निघाला: ०.५० पासून ०.५५ पर्यंत. इथे दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे सहा ते आठ दशांश सहज जातात. आणि छर्रा चिमट्याने धरून उजेडात फिरवला की मागची कड चेपलेली दिसते. असे एकोणीस निघाले. ते काट्याला कधीच कळले नसते, कारण वजन अगदी बरोबर होतं.

तेव्हा महागडा डबा आता फक्त नजरेखालून घालतो. स्वस्त डबा तोलतो, मधल्या कप्प्यांतले लेकीला देतो, टोकाचे वॉर्म-अपला. झाकणासाठी आइस्क्रीमचा पारदर्शक डबा कापून घेतलाय, चिमट्यापुरती खाच ठेवून. पंखा एकवर चालतो.