आठ महिने टर्मिनल सर्व्हरवरून छपाई: पेटी चांगली, केबल मात्र तपासून घ्या

४ पोर्टांचा टर्मिनल सर्व्हर (सिरियल पोर्ट नेटवर्कला जोडून देणारी पेटी), त्याला दोन सिरियल डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि लिनक्सवर कप्स (छपाई सांभाळणारी प्रणाली, CUPS). आठ महिने रोज छपाई चालू आहे. पेटीबद्दल तक्रार नाही. वेळ खाल्ला तो केबल आणि हँडशेकने, म्हणजे प्रिंटरने 'थांब' सांगण्याच्या पद्धतीने.

नव्या पेटीत पोर्ट बऱ्याचदा लॉगिन मोडवर असतो. तसाच ठेवला तर प्रिंटर इमानदारीत लॉगिनचा प्रॉम्प्टच छापतो. मोड रॉ टीसीपी करा, म्हणजे बाइट जसेच्या तसे पुढे जातात. टेलनेट मोडवरही साधा मजकूर नीट निघतो, म्हणून फसायला होतं. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट आज्ञा धरला जातो, आणि ८ पिनी ग्राफिक्समध्ये नेमका तोच म्हणजे सगळ्या पिना एकदम मारून काढलेली काळी उभी रेघ. बिलं ठीक, लोगो फाटलेला, असं दिसलं की आधी मोड बघा.

कप्समध्ये सॉकेट बॅकएंड (थेट टीसीपी पोर्टवर पाठवणारा भाग), पेटीचा स्थिर आयपी आणि पुढे पोर्ट क्रमांक द्यायचा. क्रमांक गाळला तर कप्स गुपचूप ९१०० वर जातं.

खरी गोम फ्लो कंट्रोलची, म्हणजे प्रिंटर भरला की पाठवणं थांबवण्याची. ९६०० बॉड, ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. बहुतेक डॉट मॅट्रिक्सला एवढा वेग झेपत नाही. बफर भरला की ओळी गळतात, म्हणून छोटी पावती स्वच्छ आणि लांब रिपोर्ट मधूनच तुटका. पेटीवर आरटीएस-सीटीएस (तारांवरून 'थांब-पाठव' सांगणारी जोडी; पेटी सीटीएसवर ऐकते) चालू करून भागत नाही, कारण बरेच प्रिंटर 'थांब' हे डीटीआर या वेगळ्या तारेवर सांगतात: २५ पिनी कनेक्टरवर पिन २०, काहींत ११. ती तार पेटीच्या सीटीएसला जोडलेली हवी. तयार केबलमध्ये ती बहुधा नसते. मल्टिमीटर लावून बघा.

ओळी जिन्यासारख्या उतरत असतील तर सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारा बाइट) कमी पडतोय. पेटीतलं एलएफ (पुढच्या ओळीवर नेणारा बाइट, १०) ते सीआरएलएफ रूपांतर लावू नका, ग्राफिक्समधल्या प्रत्येक १० च्या बाइटलाही ते शेपूट लावतं. मजकूर पाठवण्याआधीच बदलून घ्या.

जॉब छापून झाला तरी कप्समध्ये 'प्रोसेसिंग'वर अडकतो? कप्स समोरून कनेक्शन बंद व्हायची वाट बघत असतं. पत्त्याला 'वेटईओएफ=फॉल्स' (waiteof=false) जोडा. शेवटच्या ओळी कापल्या जात असतील तर कनेक्शन तुटताच पेटी बफर फेकून देतेय. आधी रिकामा करण्याचा पर्याय तिच्या मेनूत शोधा.

एका पोर्टवर एका वेळी एकच कनेक्शन. दोन संगणक छापणार असतील तर कप्सची एरर पॉलिसी 'रीट्राय-जॉब' ठेवा, नाहीतर जॉब फसला की रांगच बंद पडू शकते. पेटीवर टीसीपी कीपअलाइव्हही (समोरचा अजून आहे का हे तपासत राहणं) चालू हवं. छापता छापता संगणक बंद पडला तर त्याशिवाय पोर्ट अडकून राहतो.